शेंगा सोललेल्या ऐकू येतात

दुपारी दोन वाजता घरातला फ्रिज बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. नुसता फ्रिज असता तर विजेची काटकसर म्हणून सोडून दिलं असतं. पण आधी पंखे बंद व्हायचे, मग वॉशिंग मशीन, मग काकूंची टीव्हीवरची मालिका, मग भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी निघायची आणि सगळ्यात शेवटी फ्रिजचं बटण. एवढं झालं की ते हॉलच्या मधोमध स्टूल ठेवून त्यावर बसायचे, डोळे मिटायचे आणि ऐकायचे. त्या वेळात आम्ही हलायचं नाही, बोलायचं नाही. एका रविवारी मला नेमकी तेव्हाच शिंक आली. डोळे न उघडताच ते म्हणाले, "कॅडेट, टेस्ट फुकट गेली. पुन्हा पहिल्यापासून." आणि खरोखरच त्यांनी सगळं पुन्हा चालू करून पुन्हा एकेक बंद केलं. काकूंच्या मालिकेतलं लग्न त्या दिवशी त्यांच्यावाचूनच लागलं.

मी त्यांची भाडेकरू. पुण्याहून नोकरीसाठी सिंगापूरला आले ते दोन हजार तेरा-चौदाच्या सुमाराला. ऑफिस हार्बरफ्रंटला, आणि परवडेल अशी खोली मिळाली ती बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, सेम्बावांगला. सकाळी बिशनला गाडी बदलून जायचं, संध्याकाळी तसंच यायचं, आणि जेवण गिळून झालं की युरोपातल्या क्लायंटचे कॉल घ्यायचे. दिवसभर माणसं कानात बोलत असायची. हेडफोन काढल्यावरही ती बोलतच आहेत असं वाटायचं. खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्नाचं विचारलं नाही. "घोरतेस का?" एवढंच विचारलं.

"अहो, मुलीच्या जातीला असं विचारतात का?" आतून काकू म्हणाल्या.

"जातीचा प्रश्न नाही. आवाजाचा आहे."

मी नाही म्हटलं, आणि खोली मला मिळाली.

त्यांना सगळेच चीफ म्हणायचे. उभं आयुष्य त्यांनी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढलं होतं, शेवटची बरीच वर्षं चीफ इंजिनीअर म्हणून. मग सेम्बावांगच्या शिपयार्डात जमिनीवरची नोकरी मिळाली, तेव्हा रत्नागिरीहून काकूंना घेऊन आले आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. मुलगा टोरांटोला. घरात दोघंच, आणि तिसरी मी. चीफनी मला पहिल्याच आठवड्यात कॅडेट करून टाकलं. काकू कॅप्टन होत्या. "कॅप्टनचं सगळे ऐकतात असं दाखवतात आणि जहाज चालवतं इंजिनरूम," असं ते काकूंसमोरच सांगायचे.

तर या चीफच्या कानात इंजिन चालू होतं. उजव्या कानात जास्त, डाव्यात जरा कमी. "सहा सिलिंडरचं, जुनं, जाड तेलावर चालणारं," असं ते वर्णन करायचे, आणि आज त्याचा वेग जरा वाढलाय की कमी झालाय तेही सांगायचे. कानाच्या डॉक्टरांनी त्यांना नीट समजावलं होतं. इंजिनरूममध्ये आयुष्य गेलेल्यांना हे होतं, आवाज बाहेर कुठेच नसतो, तो बरा होत नाही, सवय करून घ्यायची. चीफनी फी दिली आणि निदान साफ नाकारलं.

त्यांचं म्हणणं असं. जहाजावर अनोळखी आवाज यायला लागला की शहाणा इंजिनीअर घाईने काही उघडत बसत नाही. तो एकेक मशीन बंद करत जातो. हा पंप बंद केला, आवाज आहे? मग तो जनरेटर. ज्याच्याबरोबर आवाज थांबेल, दोष त्याचा. सगळंच्या सगळं बंद करूनही आवाज उरला, तरच म्हणायचं की तो डोक्यात आहे. "सिंगापूर बंद करून बघितलंय का कोणी?" त्यांनी डॉक्टरला विचारलं होतं म्हणे. डॉक्टर हसला. चीफना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

म्हणून ती दोनची टेस्ट. पण घर बंद केलं तरी वरच्या मजल्यावर कोणीतरी भिंतीत ड्रिल घालत असायचं, खाली गवत कापायची मशीन फिरत असायची, आणि प्रत्येक खिडकीबाहेर एअरकॉनचा कॉम्प्रेसर. टेस्ट कधी पूर्ण व्हायचीच नाही. डोळे उघडून ते नुसते "इनकन्क्लुझिव्ह" म्हणायचे आणि फ्रिज चालू करायचे.

त्यांचा आणखी एक अवयव होता. लांब दांड्याचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर. टोक मशीनवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, की मशीनच्या पोटातलं सगळं ऐकू येतं. जुन्या इंजिनीअरांची ही रीतच. बाहेरचं त्यांना दिवसेंदिवस कमी ऐकू येत होतं, पण हाडातून अजून चांगलं यायचं. आमच्या इमारतीत कोणाचंही मशीन कुरकुरलं की चीफना बोलावणं यायचं. शेजारच्या चिनी आंटी दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अंकल, माय वॉशिंग मशीन सो नॉइझी लेह. कॅन चेक ऑर नॉट?"

चीफ गुडघे टेकून बसायचे, मूठ कानामागे लावायचे, आणि आजाऱ्याच्या नातेवाईकांना सांगावं तसं खालच्या आवाजात सांगायचे, "बेअरिंग गॉन, आंटी. व्हेरी सॉरी."

एकदा मी जेवणाच्या टेबलावर डोकं टेकून बसले होते. आठवडाभराचे कॉल अंगात भरले होते. चीफनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर टेकवला, ऐकलं आणि काकूंना सांगितलं, "हिचा लोड कमी कर. पोळ्या आज मी लाटतो." पोळ्या त्यांनी लाटल्या. रबरी गॅस्केट कापल्यासारख्या काटेकोर गोल आणि तितक्याच चिवट झाल्या होत्या. मी सगळ्या खाल्ल्या.

रविवारी ते शांत जागा शोधायला निघायचे आणि बऱ्याचदा मीही जायचे, कारण मलाही तीच हवी होती. सेम्बावांग पार्कच्या जेटीवर बसलो तर डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं. तळ्याकाठी गेलो तर तिथे पाणी ढवळायचा पंप. शेवटी एका दफनभूमीत गेलो. तिथेही गवत कापत होते. "या देशात गवताला वाढायची परवानगी नाही," चीफ वैतागून म्हणाले, आणि आम्ही खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये जाऊन, चारशे माणसांच्या कोलाहलात, टेबलावर समोरासमोर बसून मुकाट्याने कॉफी प्यायलो.

शांत जागा एकच आहे यावर त्यांचा विश्वास होता, आणि ती इटलीत होती. तीही रोम-व्हेनिसच्या इटलीत नाही. मोलिसे नावाचा एक छोटा प्रांत आहे, डोंगरातला. इटलीतलेच लोक थट्टेने म्हणतात की असा प्रांत मुळात नाहीच. चीफ नवखे ज्युनिअर होते तेव्हा पहाटे चार ते आठच्या पाळीला, म्हणजे वॉचला, त्यांचा वरिष्ठ एक इटालियन सेकंड इंजिनीअर होता, त्या प्रांतातल्या एका डोंगरगावचा. इंजिनरूममध्ये बोलणं शक्यच नसायचं, तिथे सगळं हातवाऱ्यांनी. आठ वाजता वॉच संपला की दोघं वर डेकवर येऊन कॉफी प्यायचे आणि मग सेकंड बोलायचा, ते आपल्या गावाबद्दल. बाराची घंटा झाली की गाव बंद. दुकानं बंद, दारं बंद, कुत्रीसुद्धा सावलीला. चारपर्यंत कोणी कोणाला हाक मारत नाही. "माझी आई खालच्या घराच्या पायरीवर शेंगा सोलते," तो सांगायचा, "आणि मला वरच्या घरात पलंगावर पडून प्रत्येक शेंग ऐकू येते."

शेंग सोललेली ऐकू येते. चीफ हे वाक्य माणूस आवडत्या पदार्थाबद्दल बोलतो तसं बोलायचे. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत कोणी सांगितलं की आम्ही यंदा युरोप टूरला चाललोय, की चीफनी त्याला कोपऱ्यात घेतलंच समजा. रोम नको, व्हेनिस नको, मोलिसेला जा. गाडी घ्या, सकाळी अकराच्या आत गावात पोचा, कारण नंतर पाणीसुद्धा मिळणार नाही. चर्चच्या डाव्या हाताची गल्ली चढा, वर दगडी पायरी आहे, तिथे बसा. समोरचा माणूस विचारायचा, "तुम्ही कितीदा गेलात?"

"एकदाही नाही," चीफ शांतपणे सांगायचे आणि पुढचा मोदक उचलायचे.

गावाला न जाण्याचं कारण मला बरेच दिवस कळलं नाही. पैसे होते, तब्येत ठीक होती. एका शनिवारी मेथी निवडताना काकूंनी ते सांगितलं.

"तिथे गेले आणि आवाज नाही थांबला तर? म्हणून जात नाहीत. आशा आहे ना ती, जपून ठेवलीय."

"आणि थांबला तर चांगलंच ना, काकू?"

काकू मेथीच्या काड्या उगाच बारीक मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "थांबला तर गुहागरला जायचं ठरलंय. वर सड्यावर, उघड्या कातळावर, जागा बघून ठेवलीय त्यांनी. मैलभर शेजार नाही. तिथे घर बांधायचं आणि दोघांनी राहायचं. शांत." शेवटचा शब्द त्यांनी असा उच्चारला की मी हातातली जुडी खाली ठेवली. "सात-सात, आठ-आठ महिने जायचे गं हे. मुलगा शाळेत गेला की मी आणि भिंती. रेडिओ लावून ठेवायचे मी सकाळपासून. शेतीचे कार्यक्रमसुद्धा ऐकायचे. माझं शेत कुठे होतं? पण माणसाचा आवाज तर यायचा. परत आले की हे झोपून राहायचे, म्हणायचे बोलू नकोस, कानाला विश्रांती दे. मला शांतता पुरून उरलीय. त्यांना हवी आहे, मला नको. आता सांग, मी देवाला काय मागू?"

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी मनातून पूर्णपणे चीफच्या पक्षात होते. मैलभर शेजार नसलेलं घर ऐकून माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

शेवटी जाणं झालं ते माझ्यामुळे. एक प्रोजेक्ट संपला, माझी बरीच रजा साठली होती आणि मी इतकी थकले होते की रजेत काय करायचं हेही सुचत नव्हतं. जेवताना सहज म्हणून गेले, "चीफ, मोलिसेला जाऊ या का? गाडी मी चालवते." त्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी आमटी वाढली आणि म्हणाल्या, "जाऊ या. एकदाचं काय ते कळू दे."

मे महिन्यात निघालो. चांगी विमानतळावर पहिला तमाशा झाला. चीफनी स्क्रूड्रायव्हर हातातल्या पिशवीत घेतला होता. आयुष्यभर प्रत्येक जहाजावर तो हातात घेऊनच चढले, तर विमानात वेगळं काय, असा त्यांचा सरळ हिशोब. तपासणीच्या मशीनमध्ये तो दिसला आणि पिशवी बाजूला गेली.

"सर, दिस वन कॅनॉट ब्रिंग," गणवेशातली तरुण मुलगी म्हणाली.

"दिस इज नॉट वेपन. दिस इज माय इअर."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी समजावून सांगायला लागले, पण कानाला लावायचा स्क्रूड्रायव्हर समजावून सांगणं दिसतं तितकं सोपं नाही. विमानाची वेळ झाली होती. स्क्रूड्रायव्हर तिथेच राहिला. चीफ रोमपर्यंत बोलले नाहीत, आणि तिथे गाडी घेताना एवढंच म्हणाले, "आता जे आहे त्या कानांनीच ऐकायला लागणार."

काकूंना रोम बघायचं होतं. ते कारंजं, त्यात नाणं टाकतात ते. चीफ म्हणाले, गोंगाटच ऐकायचा तर रोम कशाला, कॉम्प्रेसर सेम्बावांगलाही आहेत. मी मात्र त्या दिवशी कॅप्टनच्या बाजूने उभी राहिले आणि अर्धा दिवस रोमला दिला. काकूंनी नाणं टाकलं. काय मागितलं ते मी विचारलं नाही.

मग रस्ता डोंगरात शिरला. मला उजव्या बाजूने गाडी चालवायची सवय नव्हती, रस्ते अरुंद, वळणं आमच्या आंबा घाटाची आठवण करून देणारी. पण वाहनं अशी नव्हतीच. हिरवी शेतं, मधेच मेंढ्या, आणि प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर दगडी घरांचा एक पुंजका. दुरून भरलेलं वाटणारं गाव जवळ गेल्यावर निम्मं कुलुपात असायचं. एका गावात थांबलो तर बाकावर चार म्हातारे बसले होते आणि चौघंही आमच्याकडे पाहत राहिले, आम्ही निघेपर्यंत. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. काकू म्हणाल्या, "आपल्याकडे निदान कुठून आलात एवढं तरी विचारलं असतं."

सेकंडच्या गावात आम्ही संध्याकाळी पोचलो. एक खोली आधीच ठरवली होती. चीफना गाव बघायची गरजच नव्हती, पाठ होतं. चर्च, डावीकडची गल्ली, चढ, दगडी पायरी. सगळं होतं. फक्त पायरीमागच्या दाराला कुलूप होतं आणि कुलपाला गंज. सकाळी चौकातल्या कॉफीवाल्याला विचारलं. त्याने नाव ओळखलं. हाताने लांब, खूप लांब दाखवलं आणि म्हणाला, "कॅनडा." मुलं घेऊन गेली. मग हात जोडून डोळे मिटले, म्हणजे तिकडेच वारला.

चीफ कपातली कॉफी हलवत राहिले. "ही शांतता सोडून कॅनडाला गेला," ते म्हणाले. "करमलं कसं असेल?"

"आपल्या मुलाजवळ होता ना," काकू म्हणाल्या.

बाराची घंटा झाली तेव्हा आम्ही त्या पायरीवर होतो. चीफनी फोन बंद करायला लावले. मनगटावरचं घड्याळ काढून रुमालात गुंडाळलं. काकूंना म्हणाले, "तू खाली जा. तुझी पिशवी कुरकुरते." काकू पिशवी घेऊन उठल्या आणि उतार उतरून खालच्या वळणावर गेल्या. तिथे एका दारात एक म्हातारी परडी घेऊन बसली होती. तिने थोडं सरकून जागा दिली, काकू बसल्या.

दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला. एक दार लागलं. एक खिडकी मिटली. कोणाची तरी मोटरसायकल उताराला लागली आणि नाहीशी झाली. चीफ डोळे मिटून प्रत्येक आवाजाला मान हलवत होते, एकेक बंद होतंय याची नोंद घेत असल्यासारखे. आणि मग बंद व्हायला काही उरलंच नाही.

अशी शांतता मी त्याआधी अनुभवली नव्हती, नंतरही नाही. माझे खांदे आपोआप खाली आले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझ्या कानात कोणी बोलत नव्हतं. इतकं बरं वाटलं की मला रडू आलं, आणि ते पुसताना बाहीचा आवाज होईल म्हणून मी तसंच वाहू दिलं.

तेवढ्यात ऐकू आलं. टक. मग थोडं थांबून पुन्हा टक. खाली म्हातारी शेंगा सोलत होती. आपल्या वालाच्या शेंगा असतात तशाच, पण लांब आणि जाड. काकूंनी परडीतून मूठभर उचलल्या होत्या आणि त्याही सोलत होत्या. दोघींच्या हातातली प्रत्येक शेंग वर माझ्यापर्यंत स्वच्छ ऐकू येत होती. सेकंडने तेव्हा सांगितलं ते अक्षरशः खरं होतं.

"कॅडेट," चीफ डोळे न उघडता म्हणाले, "काही ऐकू येतंय?"

खोटं बोलावं असं वाटलं. पण त्यांच्याशी आवाजाबद्दल खोटं बोलता येत नसे.

"हो, चीफ. शेंगा ऐकू येतायत."

"कुठे?"

"खालच्या दारात. काकू सोलतायत."

त्यांनी डोळे उघडले. खाली पाहिलं. काकूंचा हात हलत होता, शेंग दुभंगत होती, दाणे परडीत पडत होते. चीफ मान पुढे काढून, श्वास धरून बघत राहिले.

"हात दिसतोय," ते म्हणाले. "आवाज नाही." मग पुन्हा डोळे मिटून, "सगळं बंद झालंय. अख्खं गाव बंद आहे. आणि हे आत फुल स्पीडने चाललंय, कॅडेट. एवढ्या जोरात कधीच नव्हतं. बाकीचं गेल्यावर हे एकटंच राहिलं."

मी त्यांचा हात धरला. यापूर्वी कधी धरला नव्हता.

"दोष सापडला," ते म्हणाले. "डॉक्टर बरोबर होता."

काकूंनी खालून पाहिलं. ओच्यात शेंगा घेऊन चढ चढून आल्या, गुडघ्यांना धरत. मला नजरेनेच विचारलं, मी नाही अशी मान हलवली. त्यांना हवं होतं तेच झालं होतं. गुहागरचा सडा टळला होता. पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. माझ्या कानाशी येऊन एवढंच म्हणाल्या, "मीच मागितलं होतं गं, तिथे नाणं टाकून." आणि चीफच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"अहो, त्या बाईची दोन्ही मुलं कॅनडात आहेत," त्या म्हणाल्या.

चीफनी सवयीने हात वर केला. गप्प, टेस्ट चालू आहे.

"संपली तुमची टेस्ट," काकू म्हणाल्या आणि बोलतच राहिल्या. "भाषा कशी कळली विचारा ना. तिने हाताने विमान केलं, मीही केलं. मग ती डोळे पुसते, मीही पुसले. शेंगा बघा कशा आहेत, यांची उसळ चांगली होईल, पण ही लोकं कच्च्याच खातात. आपल्या रत्नागिरीच्या घरामागे मी वाल लावले होते, तुम्ही नव्हता तेव्हा. शेजाऱ्यांची गाय शिरली आणि सगळे खाऊन गेली. मी काठी घेऊन तिच्यामागे धावले, शेजारीण माझ्यामागे धावली, आणि आपलं पोर टाळ्या वाजवतंय..."

चीफनी वर केलेला हात हळूहळू खाली आला. गाय पार गल्लीबाहेर पोचली, काठी मोडली, काकू दम घ्यायला थांबल्या. चीफ एकदम म्हणाले, "थांबू नकोस."

"काय?"

"तू बोलतेस तेव्हा ते मागे जातं. जात नाही, पण मागे जातं. बोल."

आणि काकू, ज्यांना मी कधी गप्प बसलेलं पाहिलं नव्हतं, त्यांना एक शब्द सुचेना. इतकी वर्षं या माणसाने बोलू नकोस म्हटलं होतं. त्या ओच्यातल्या शेंगा चाचपत राहिल्या.

"काय बोलू?"

"काहीही. मी नव्हतो तेव्हाचं."

उरलेले तीन-चार दिवस आम्ही आसपासची गावं फिरलो. मी गाडी चालवायचे, मागच्या सीटवर काकू बोलायच्या, चीफ खिडकी बंद करून ऐकायचे. बाहेर किती सुंदर देश होता. दोघांनीही त्यातलं फारसं काही पाहिलं नाही.

परत आल्यावर वर्षभराने माझं लग्न झालं आणि मी सिंगापुरातच सेंगकांगला राहायला गेले. काकूंचे फोन यायचे. "सुरुवातीपासून सांगतेय त्यांना," त्या म्हणायच्या. "मधलं काही गाळू देत नाहीत. जहाजावर लॉग लिहितात तसं क्रमाने हवं म्हणतात. नळ गळत होता तेही सांगायचं, कोणी दुरुस्त केला तेही सांगायचं. आणि कोणी नीट केला नसेल तर आता चिडतात गं!" त्यांच्या आवाजात दमणूक होती, आणि कौतुकही होतं.

पुढच्या वर्षी एका सुट्टीच्या दिवशी मी सेम्बावांगला गेले. पोचायला दोन वाजले, आणि जुन्या सवयीने मी दारातच थबकले. पण आतून फ्रिजचा आवाज येत होता. पंखा फिरत होता, घड्याळ चालू होतं. चीफ तेच स्टूल घेऊन स्वयंपाकघरात काकूंच्या अगदी जवळ बसले होते, डोळे मिटून, उजवा कान त्यांच्याकडे करून. काकू कोथिंबीर निवडत बोलत होत्या. मुलगा दुसरीत होता. रविवारची संध्याकाळ होती, त्याच्या अंगावर पुरळ दिसायला लागलं होतं आणि शेजारीण म्हणाली होती, हा गोवर आहे.

"चीफ, कसे आहात?" मी चपला काढत म्हटलं.

त्यांनी डोळे न उघडता तळहात वर केला. "थांब, कॅडेट. गोवर अजून उतरलेला नाही."

मी दारातच बसले. आणि चीफनी काकूंकडे झुकून, मुलगा आतल्या खोलीत निजला असावा तशा हलक्या आवाजात विचारलं, "ताप किती होता?"